आपल्या माणसांत कुलूप कशाला

उमेळे, वसई
८ फेब्रुवारी २००४

प्रिय क्लेमेंटीनताई,

या साली मस्कतला हाताने लिहिलेलं पत्र पाठवणारा मी एकटाच असेन, तेव्हा आधी हसून घे. पण ऑफिसचा ईमेल सगळेच उघडून वाचतात, आणि रोमन अक्षरांत मराठी लिहिलं की माझं मलाच लागत नाही. शिवाय आईला तिच्या बहिणीच्या लेकीसाठी दोन ओळी घालायच्या असतात. त्या कागदाच्या मागच्या बाजूला आहेत.

काम असं आहे. मी हल्ली ज्यांच्याकडे कामाला लागलोय, ते बळीरामशेठ म्हणून एक आहेत. वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत त्यांचा व्हॉल्व्हचा धंदा आहे. पाण्याचे, वाफेचे, हवेचे, सगळे. राहतात विरारला, चंदनसारला. त्यांना वेबसाइट हवी आहे, आणि 'आमच्याविषयी' छापाची चार पानं नकोत. हजारो वस्तू, प्रत्येकीचं माप, धातू, किती दाब सोसते ते, आणि भिवंडीच्या व्यापाऱ्याला एक भाव तर वापीच्या व्यापाऱ्याला दुसरा. हे सगळं रोज बदलणार. बदलायला दरवेळी मी लागता कामा नये. ऑफिसातल्या कुणीही पान उघडावं, खोडावं, लिहावं, झालं.

वाटा तीन दिसतात. परदेशी कंपनीची तयार सिस्टिम आहे, मागे ओरॅकलचा डेटाबेस. तिची किंमत ऐकून शेठ खुर्चीतून पडतील. दुसरी, इंटरनेटवर फुकट मिळणारी, मायएसक्यूएलवर चालणारी. तिच्यात माणसामाणसाचे अधिकार वगैरे सगळं आहे, पण आपल्या भावांच्या भानगडी तिच्यात बसवायला दोन-तीन महिने तिचा अभ्यास करावा लागेल. तिसरी वाट म्हणजे मीच पीएचपीत लहानसा प्रोग्रॅम लिहून टाकतो, लागेल तेवढंच. शेठना मे महिन्यात उद्घाटन करायचंय.

तू इतकी वर्षं तेल कंपनीचा डेटा सांभाळतेस. सांग, कुठली घेऊ?

आणि खरी बातमी ही, की आपली ब्रेंडा बी.कॉम. झाली आहे आणि माहिती भरायला शेठ तिलाच घेणार आहेत. आई म्हणते, पोर घराजवळ राहील, बाकी कायपन असो.

तुझा,
ॲल्रॉय

*

मस्कत
२९ फेब्रुवारी २००४

प्रिय ॲल्रॉय,

हसले. आता ऐक.

दुसरी वाट घे. अभ्यास करावा लागेल म्हणून घाबरतोस, तू लहानपणापासून असाच. चर्चमधल्या कॅटेकिझमच्या परीक्षेलाही तू माझ्या मागे बसायचास.

तुला वाटतं तू पानं बदलायची सोय निवडतोयस. तसं नाही. उद्या भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं, ते तू आज निवडतोयस. म्हणून प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची चावी दे. कोणी काय बदललं, कधी बदललं आणि आधी तिथे काय होतं, हे कुठेतरी साठलंच पाहिजे, आणि ते कुणालाही, तुलासुद्धा, पुसता येता कामा नये. भावाचं जाऊ दे, भाव चुकला तर शेठचं नुकसान होईल, तो शिव्या देईल आणि जेवेल. पण तू दाब लिहिलायस पत्रात. वाफेचा दाब ज्या पानावर लिहिला जातो ते पान एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचून मगच बाहेर सोडायचं. आमच्याकडे याशिवाय एक आकडाही हलत नाही. मी पंधरा वर्षं इथे आहे, तरी माझाही हलत नाही, आणि त्याचा मला राग येत नाही.

फुकटच्या सिस्टिममध्ये यातलं बरंचसं तयार मिळतं. विहिरीला कठडा आधी बांधतात रे, कोणी पडल्यावर नाही.

ब्रेंडाला सांग, पहिल्या पगारातून आईला काहीतरी घे, भावाला नको.

क्लेमेंटीन

*

उमेळे
२० जून २००४

प्रिय क्लेमेंटीनताई,

आईने सुकेळी पाठवली आहेत. ती आधी खा आणि मग पुढचं वाच.

साइट झाली. छान चालते. मीच लिहिली, तिसरी वाट. रागावू नकोस. तुझं पत्र मी शेठसमोर वाचूनसुद्धा दाखवलं, कॅटेकिझमचं सोडून. शेठ म्हणाले, "अरे, पंधरा-वीस टाळकी आपली, सगळी घरची. आपल्या माणसांत कुलूप कशाला? भरवसा नाय तर धंदा कसला करायचा?" त्यांचा मुलगा सिद्धेश म्हणाला, "आणि दोन-दोन जणांनी पान तपासायचं तर मग काम कधी करायचं, बॉस?" सगळे हसले. मीही हसलो.

खरं सांगू का, मलाही ते पटलं. आपल्या घराचं मागचं दार कधी लावलेलं पाहिलंयस तू? आई वाडीत जाते तेव्हा चावी शेजारच्यांच्या कोनाड्यात असते आणि कुणाला काही नेलेलं आठवत नाही. आपण असेच वाढलो. माणसाला घरात घेऊन त्याच्यामागे पहारा ठेवायचा, हे मला ऑफिसात सांगताना तोंडच उघडेना.

तर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड आहे, शेठच्या स्कूटरचा नंबर. विसरलं तर खिडकीतून खाली बघायचं.

उद्घाटनाला शेठनी कॉम्प्युटरला हार घातला, मॉनिटरवर कुंकू लावलं, नारळ फोडला. ब्रेंडाला व्हिजिटिंग कार्डं छापून दिलीत, 'ब्रेंडा तुस्कानो, वेबसाइट इन्चार्ज'. आईने रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात अर्ध्या गावाला वाटली. ज्यांच्या घरात वीज जाऊन-येऊन असते त्यांनाही मिळाली.

ॲल्रॉय

*

मस्कत
११ जुलै २००४

ॲल्रॉय,

सुकेळी संपली, राग नाही संपला.

मागच्या दाराचं मला सांगू नकोस, त्याच गावात माझं आजोळ आहे. तिथे दार उघडं चालतं, कारण समोरच्या ओट्यावर कायम कुणीतरी म्हातारी बसलेली असते आणि कोण आलं, कोण गेलं ते तिला ठाऊक असतं. तुझ्या साइटला तशी म्हातारी नाही.

निदान एवढं कर. वेगळा एक तक्ता कर आणि प्रत्येक बदलाचा जुना आकडा, नवा आकडा आणि वेळ त्यात पडू दे. कोणी केलं ते नाही कळणार, पण काय झालं ते तरी कळेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला लिही झालं म्हणून.

क्लेमेंटीन

*

उमेळे
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय क्लेमेंटीनताई,

चार महिने लिहिलं नाही. ते अर्ध्या दिवसाचं काम करून मग लिहीन म्हणत होतो.

ते झालं नाही. आता सांगतो काय झालं ते.

इथल्या एका कापड रंगवायच्या कारखान्याने आपल्या साइटवर बघून वाफेच्या लाइनसाठी व्हॉल्व्ह घेतला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तो फुटला. बॉयलरवर आत्माराम नावाचा माणूस होता. वाफ त्याच्या अंगावर आली. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला. चंदनसारचाच होता, शेठच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून. बायको आहे, विनया नाव तिचं. अजून मूलबाळ नाही.

तो व्हॉल्व्ह दहाच्या दाबाचा. कारखान्याच्या मॅनेजरने ऑर्डर देताना आमच्या साइटचं पान छापून ठेवलं होतं. त्यावर सोळा लिहिलंय. इन्स्पेक्टरने ऑफिसात येऊन साइट उघडली, तर तिथे दहा. म्हणजे मध्ये कोणीतरी दुरुस्त केलं. सोळा कोणी केलं आणि पुन्हा दहा कोणी केलं, कधी केलं, हे कुठेही नाही. माझ्या डेटाबेसमध्ये नवा आकडा जुन्यावर बसतो आणि जुना जातो, पाटी पुसल्यासारखा.

पोलिसांनी विचारलं, पान कोण लिहितं? शेठ म्हणाले, "सगळेच लिहितात साहेब, पण इन्चार्ज ती आहे." आणि ड्रॉवरमधून तिचं कार्ड काढून दिलं. ताई, ते कार्ड काढताना त्यांनी ब्रेंडाकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्यांच्यासाठी चहाचा कप धरून उभी होती.

तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवलाय. रोज चौकशीला बोलावतात. सिद्धेशला एकदाच बोलावलं. तोच म्हणायचा की समोरची कंपनी सोळा देते, आपला दहा कोण घेणार. ऑफिसात सगळ्यांनी ऐकलंय, आता कुणाला आठवत नाही. मला खात्री आहे त्यानेच केलं.

म्हणून विचारतो. तू म्हणालीस तो तक्ता मी आता करू शकतो. मागच्या तारखा घालून. त्यात सिद्धेशच्या कॉम्प्युटरचा नंबर घालून. खोटं नव्हे, जे झालं तेच लिहायचं, फक्त उशिरा. तज्ज्ञाला दिसणार नाही असं कसं करायचं, एवढंच सांग.

ॲल्रॉय

*

मस्कत
५ डिसेंबर २००४

ॲल्रॉय,

नाही.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसले. ब्रेंडाच्या बाप्तिस्म्याला मी तिची मेणबत्ती धरली होती. तिच्यासाठी काय करायला तयार नाही मी? पण हे नाही. ज्याला तू 'जे झालं ते' म्हणतोस ते झालेलं तू पाहिलेलं नाहीस. तुला सिद्धेश आवडत नाही, आणि तुझ्या बहिणीवर वेळ आली आहे. एवढंच तुझ्याकडे आहे. उद्या ते खोटं सापडलं तर ब्रेंडा खरं बोलली तरी कोणी ऐकायचं नाही.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहेस तिच्याकडे जा. कोणत्या कॉम्प्युटरवरून कधी काय आलं याच्या नोंदी त्यांच्याकडे काही काळ राहतात. फोन करू नकोस, स्वतः जा, आजच जा. वकील बघ, पैसे मी पाठवते.

आणि दोन पानी पत्रात तू सिद्धेश काय म्हणाला, शेठ काय म्हणाले, इन्स्पेक्टर काय म्हणाला ते लिहिलंस. ब्रेंडा काय म्हणते? तिला विचारलंस का तू?

क्लेमेंटीन

*

उमेळे
१९ डिसेंबर २००४

प्रिय क्लेमेंटीनताई,

गेलो होतो. त्या नोंदी ते महिनाभरच ठेवतात. शिवाय असत्या तरी काय? सगळ्या ऑफिसला बाहेर जायला इंटरनेटची एकच लाइन. तिथेही आम्ही सगळे एकच आहोत.

ब्रेंडाला विचारलं नाही. काय विचारू? तूच केलंस का म्हणून? आई रोझरी करताना तिला शेजारी बसवते, ती ओठ हलवते, आवाज येत नाही. राजोडीच्या आग्नेलच्या घरून निरोप आला, ईस्टरनंतर ठरलेलं त्याचं आणि ब्रेंडाचं लग्न जरा पुढे ढकलू म्हणून. किती पुढे ते सांगितलं नाही. आई म्हणाली, "आज त्यांच्या घरातून आपल्या घरात पानी प्यायलापन कोनी येनार नाय."

मी तो तक्ता करून पाहिला. घरच्या कॉम्प्युटरवर, फक्त करून पाहिला. कसा दिसतो ते बघायला. चहा निवायच्या आत झाला. सिद्धेशच्या कॉम्प्युटरचा नंबर, पुढे त्याचं नाव, सप्टेंबरची तारीख, दहा, सोळा. ताई, तो इतका खरा दिसतो की माझाच त्याच्यावर विश्वास बसला.

नाताळ झाला की वकिलाला देणार आहे. मला थांबवू नकोस.

ॲल्रॉय

*

उमेळे
३ जानेवारी २००५

प्रिय क्लेमेंटीनताई,

मी ब्रेंडा. तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, दादा ती टेबलावरच टाकतो. मला कोणी विचारत नाही म्हणून मीच लिहिते.

दादाने कॉम्प्युटरवर जे केलंय ते मला नाताळच्या आधी दिसलं. मी उघडलं तर त्यात सिद्धेशचं नाव होतं. मला इतकं बरं वाटलं, ताई. वाटलं, सापडलं. मग कळलं की हे दादाने बनवलंय. तरी मी ते पुन्हा पुन्हा उघडून वाचत राहिले. आणि वाचता वाचता मला ते आठवायला लागलं. सिद्धेश माझ्या टेबलाशी आला, माझ्यावरून वाकला, कीबोर्ड आपल्याकडे ओढला. त्याचा शर्टसुद्धा दिसला मला. मग मी घाबरले. कारण आधीच्या दिवसापर्यंत मला असं काहीच आठवत नव्हतं. तेव्हा मी ते सगळं पुसून टाकलं, दादाच्या कॉपीसकट. तो माझ्याशी बोलत नाही.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. सप्टेंबरात वाफेच्या व्हॉल्व्हची पानं मीच भरत होते. शेठ केबिनमधून ओरडून आकडे सांगायचे, सिद्धेश वेगळे सांगायचा, भिवंडीहून फोन यायचे. वरच्या ओळीतला सोळा खालच्या ओळीत गेला असेल. सिद्धेशने सांगितला असेल आणि मी विचार न करता टाकला असेल. मी चहाला उठले तेव्हा माझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं असेल. तिथे सगळेच बसायचे. मी देवाची शपथ घेऊन नाही म्हणू शकत नाही, आणि हो पण म्हणू शकत नाही.

मी पापनिवेदनाला गेले. फादर म्हणाले, तू जाणूनबुजून केलंस का? मी म्हटलं, केलं की नाही तेच माहीत नाही. ते म्हणाले, मग मी तुला क्षमा कशाची देऊ, बाळा?

म्हणून मी काल विनयाताईंकडे गेले, चंदनसारला. आई येत होती, मी नको म्हटलं. दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगितलं, त्यांना ते ठाऊक होतं. पाणी दिलं. त्या माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. म्हणाल्या, "शेठ येऊन गेले, ते म्हणतात आम्हाला माहीत नाही. कारखान्यावाले म्हणतात आम्हाला माहीत नाही. पोलीस म्हणतात बघू. माझा माणूस काय असाच गेला का गं? कोणीच काही केलं नाही?" आणि मग विचारलं, "तू लिहिलंस का ते?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मला मारलं नाही. दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. त्यांची जाऊ म्हणाली, इतक्या दिवसांत रडली नव्हती. मी तिथे उभी होते. ताई, त्या वेळी मला हलकं वाटलं, हे मी तुलाच सांगते.

आज सकाळी पोलिसांना तेच लिहून दिलं.

तू ओट्यावरच्या म्हातारीचं लिहिलं होतंस. माझ्या खुर्चीत कोण बसलं ते बघायला तिथे कोणी नव्हतं. आता विनयाताईंना कोणीतरी पाहिजे होतं, आणि कार्डावर नाव माझं आहे.

तुझी,
ब्रेंडा

*

उमेळे
१० एप्रिल २००५

प्रिय क्लेमेंटीनताई,

वकिलासाठी पाठवलेले पैसे मिळाले. तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. ब्रेंडा जामिनावर घरी आहे. केस कधी उभी राहील ते वकिलालाही सांगता येत नाही, पण कबुली लेखी आहे तेव्हा फार आशा धरू नका म्हणतो. ती सकाळी आईबरोबर वाडीत जाते. आग्नेलचं लग्न दुसरीकडे ठरलं. दर रविवारी मिस्सा झाली की ती चंदनसारला जाते, विनयाच्या घरी. तिथे काय बोलतात ते सांगत नाही. मी एकदा चिडून विचारलं, तू केलंच नाहीस तर जातेस कशाला? म्हणाली, "दादा, तुला माहीत आहे का मी केलं नाही ते?"

मला माहीत नाही. हे मला तिला सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगतो. तिने विचारलं आणि मी पेपर उघडून बसलो. तिने ते पाहिलं.

मी अजून शेठकडेच आहे. तू थुंकशील. ब्रेंडाचा पगार गेला, आईचा मळा अर्धा बिल्डरला दिलेला, आणि सिद्धेशचं नाव कुठे येणार नसेल तर केसचा पुढचा खर्च शेठ करणार आहेत. म्हणजे त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला कळलं.

शेठना आता नवी साइट हवी आहे. कारखान्यांनी ऑर्डरी थांबवल्यात, त्यांना दाखवायला. तू पहिल्या पत्रात लिहिलेलं सगळं या वेळी केलं. फुकटची ती मोठी सिस्टिम घेतली, हिवाळाभर तिचा अभ्यास केला, बसवली. आता प्रत्येकाला स्वतःची चावी आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून सोडायचं. कोणी काय बदललं, आधी काय होतं, सगळं साठतं, आणि ते मलाही पुसता येत नाही. सिद्धेशने कटकट केली नाही. शेठही म्हणाले, "हे आधीच करायला पाहिजे होतं रे."

काल ती चालू केली. जुन्या साइटच्या संपर्काच्या पानावरून माणसांची नावं आपोआप आत आली होती, ब्रेंडाचंही, 'वेबसाइट इन्चार्ज' लिहिलेलं. शेठ मागे उभे होते. म्हणाले, "तेवढं काढून टाक."

मी काढलं.

तशी त्या तक्त्यात पहिली नोंद पडली. काय केलं: नाव काढलं. आधी काय होतं: ब्रेंडा तुस्कानो. कोणी केलं: ॲल्रॉय तुस्कानो. तारीख, वेळ, सगळं बरोबर आहे, मी तपासलं.

आईच्या दोन ओळी या वेळी नाहीत. तिने लिहायला घेतलं होतं, मग कागद कोराच ब्रेंडाकडे दिला, ब्रेंडाने तसाच माझ्याकडे.

ॲल्रॉय